अप्पांच्या डोळ्याची चौकशी करणारा मेल

१४ सप्टेंबर २०२३, गुरुवार. गणपती पाच दिवसांवर आले होते आणि कारखान्यात बोनसची यादी चालू होती. संध्याकाळी सहाच्या सुमारास इटलीहून मेल आला. पहिल्याच ओळीत विचारलं होतं, अप्पांच्या डोळ्याचं ऑपरेशन कसं झालं, आता नीट दिसतं ना. मला इतकं बरं वाटलं की तो मेल मी अप्पांना मोठ्याने वाचून दाखवला. ऑगस्टमध्ये अप्पांचा मोतीबिंदू काढला होता आणि त्यामुळे एका कागदावर सही यायला उशीर झाला, असं मीच इटलीतल्या, आम्हाला माग विकणाऱ्या व्यापाऱ्याला कळवलं होतं. त्याने लक्षात ठेवून चौकशी केली, असं आम्हा दोघांनाही वाटलं.

मी इचलकरंजीत एका यंत्रमाग कारखान्याचे हिशेब बघते. या कामाला आता वीस वर्षं होऊन गेली. अप्पा म्हणजे आमचे मालक. त्यांच्या मुलाला आम्ही सगळे दादा म्हणतो. साधे माग हळूहळू काढून रेपिअर, म्हणजे धोट्याशिवाय चालणारे वेगवान माग, बसवायचे हे दोघांनी ठरवलं होतं. नवे रेपिअर झेपणारे नव्हते, म्हणून गावातल्या बऱ्याच जणांसारखं आम्हीही युरोपातले वापरलेले माग घ्यायचं ठरवलं. उत्तर इटलीत बेर्गामोच्या बाजूला एक व्यापारी आहे, बंद झालेल्या गिरण्यांतले माग काढून दुरुस्त करून विकतो. चार माग, मिळून ३८,००० युरो. तीस टक्के ॲडव्हान्स, म्हणजे ११,४०० युरो, जुलैत गेले होते. उरलेले २६,६०० कंटेनर भरायच्या आधी द्यायचे होते. बँकेच्या तेव्हाच्या दराने साडेतेवीस लाखांच्या वर.

डोळ्याच्या चौकशीनंतर मेलमध्ये कामाचं होतं. माग तयार आहेत, जहाजाची जागा धरली आहे, सोमवारपर्यंत पैसे दिसले नाहीत तर पुढचं जहाज तीन आठवड्यांनी. आणि एक छोटी गोष्ट: नेहमीच्या खात्याचं वार्षिक ऑडिट चालू असल्यामुळे त्यात सध्या परदेशातले पैसे घेता येत नाहीत, तरी सोबतच्या नव्या प्रोफॉर्मावरच्या, म्हणजे आगाऊ बिलावरच्या, खात्यात पाठवावेत. प्रोफॉर्मावर तोच लोगो, तोच शिक्का, तीच वळणदार सही. खाली आमचा जुलैपासूनचा सगळा पत्रव्यवहार जसाच्या तसा. सुरुवातीला 'डियर मॅडम अँड फॅमिली', जे तो माणूस नेहमी लिहितो आणि मला नेहमी आवडतं.

शुक्रवारी सकाळी मी बँकेत विनंतीपत्र दिलं. नव्या खात्याचा आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, पंचवीस अक्षरांचा होता. तो मी फॉर्मवर लिहिला, मग बोट ठेवून तीनदा ताडून पाहिला. एक आकडा चुकला तर पैसे भलतीकडे जातील ही मला भीती. आज तो फॉर्म बघते तेव्हा पोटात कालवतं, कारण मी त्यातला एकेक आकडा तपासला आणि खातं कुणाचं हे तपासलंच नाही. आयबॅनची पहिली दोन अक्षरं देशाची असतात. इटलीचा आयबॅन 'आयटी'ने सुरू होतो आणि सत्तावीस अक्षरांचा असतो. जुलैत मी स्वतः तो भरला होता. या वेळचा 'पीटी'ने सुरू होत होता. कंपनी इटलीची आणि खातं पोर्तुगालचं, हे माझ्याच अक्षरात माझ्यासमोर लिहिलेलं होतं.

आणखी एक समजूत माझ्या मनात पक्की होती, आणि ती बऱ्याच जणांच्या मनात असते म्हणून सांगते. फॉर्मवर लाभार्थी म्हणून त्या व्यापाऱ्याच्या कंपनीचंच नाव होतं. मला वाटायचं, नाव आणि खातं जुळलं नाही तर बँक पैसे परत पाठवेल. तसं होत नाही. युरोपात तेव्हा पैसे जमा व्हायचे ते आयबॅन बघून, नाव बघून नाही. आपल्याकडेही एनईएफटी, आरटीजीएसचे पैसे खाते क्रमांकावरच जमा होतात. पैसे पाठवण्याआधी समोरच्या खात्याचं नाव दिसण्याची सोय बँकांनी १ एप्रिल २०२५ पर्यंत द्यावी, असं रिझर्व्ह बँकेने नंतर सांगितलं. युरोपात नाव ताडून बघणं ऑक्टोबर २०२५ पासून आलं, तेही युरोपातल्या युरोपात जाणाऱ्या युरोंसाठी. आमच्या वेळी यातलं काहीच नव्हतं.

मंगळवारी गणपती बसले. बुधवारी सकाळी साडेदहाला दादा मोबाईल हातात धरून माझ्या टेबलापाशी आले. त्या व्यापाऱ्याने व्हॉट्सॲपवर विचारलं होतं, पैसे कधी पाठवताय, जहाजाची जागा गेली. दादांनी त्याला स्विफ्ट कॉपी, म्हणजे पैसे पाठवल्याचा बँकेचा कागद, पाठवली होती. त्यावर त्याचं एका ओळीचं उत्तर: हे खातं आमचं नाही.

मी मेल पुन्हा उघडला. पत्ता वाचला, बरोबर वाटला. पुन्हा वाचला. मग दादांनी तो मोबाईलवर मोठा करून दाखवला. व्यापाऱ्याच्या पत्त्यात जिथे 'एम' हे इंग्रजी अक्षर आहे, तिथे 'आर' आणि 'एन' ही दोन अक्षरं शेजारी शेजारी होती. लहान लिपीत ती दोन मिळून एका 'एम'सारखीच दिसतात. मी तो पत्ता आठवड्यातून चारदा बघत असे. ओळखीचा शब्द आपण अक्षर लावून वाचत नाही, एका नजरेत उचलतो. हे करणाऱ्याला तेच माहीत होतं.

दादांच्या तोंडून पहिलं वाक्य आलं ते असं, की हे कुणाला कळता कामा नये. बाजारात नाव जाईल, सूत उधार मिळायचं बंद होईल. त्यात त्यांची चूक नव्हती, गावात पत ही अशीच असते. पण त्या बोलण्यात आमचा पाऊण तास गेला. अप्पा आले, त्यांनी उभ्या उभ्या ऐकलं. मी रडत होते. ते म्हणाले, "ताई, आधी बँकेत जावा. रडायचं मागनं बघू." आणि दादांना म्हणाले, "ज्याला सांगायला लागंल त्याला सांग. चोरी त्यांनी केलीया, आपण न्हाई."

बँकेत फॉरेक्स बघणाऱ्या साहेबांनी आधी व्यवहाराचा माग काढला. परदेशी पाठवलेल्या प्रत्येक रकमेला छत्तीस चिन्हांचा एक लांबलचक क्रमांक असतो, त्यावरून पैसे कुठे पोचले ते बँकेला दिसतं. आमचे पैसे सोमवारीच लिस्बनच्या खात्यात जमा झाले होते. त्यांनी लगेच रक्कम परत मागणारा स्विफ्ट संदेश तयार केला, कारणात स्पष्ट 'फ्रॉड' लिहिलं, आणि फोनवरून आपल्या मुंबईच्या मुख्य कचेरीला कळवलं. आमच्या घड्याळात साडेअकरा, लिस्बनमध्ये सकाळचे सात. तिथली बँक उघडायला अजून वेळ होता. त्या दोन तासांत मी बँकेच्या बाकावर बसून १९३० ला फोन लावला.

१९३० हा सायबर आर्थिक फसवणुकीचा राष्ट्रीय क्रमांक आहे. त्यांनी शांतपणे विचारलं: कुठल्या बँकेतून, कुठल्या खात्यात, किती, कधी, व्यवहार क्रमांक काय. मी घाईत काहीच जवळ न ठेवता फोन केला होता, तेव्हा मध्येच थांबून साहेबांकडून कागद मागून घ्यावा लागला. पैसे भारतातल्या खात्यात गेले असते तर त्या फोनवरूनच समोरच्या बँकेला कळवून रक्कम जागच्या जागी धरता आली असती. म्हणून तर तिथे पहिल्या तासाला किंमत असते. आमचं खातं परदेशी. त्यांनी तक्रार नोंदवून पोचक्रमांक दिला, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर कागद चढवायला सांगितलं आणि जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात जायला सांगितलं.

गुरुवारी घरी गौरी यायच्या होत्या. मी आणि दादा कोल्हापूरला सायबर ठाण्यात होतो. तिथल्या साहेबांनी मेलच्या छापील प्रती बाजूला ठेवल्या. छापलेल्या कागदावर फक्त चेहरा दिसतो, म्हणाले, मेल तसाच्या तसा पाहिजे. मग त्यांच्या संगणकावर आमचा मेल उघडून त्यांनी 'मूळ संदेश दाखवा' हा पर्याय दाबला. स्क्रीनभर इंग्रजी मजकूर आला. प्रत्येक मेलच्या मागे असा एक कच्चा मजकूर असतो हे इतकी वर्षं मेल वापरूनही मला माहीत नव्हतं.

त्यांनी मला जे शिकवलं ते मी आजही रोज वापरते. ईमेलचे मूळ नियम १९८२ सालचे, जॉन पोस्टेल नावाच्या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने लिहिलेले. तेव्हा थोडी माणसं, सगळी एकमेकांच्या विश्वासातली. पाठवणाऱ्याने आपलं नाव खरं लिहिलंय का हे तपासायची सोयच त्यात नव्हती. आंतरदेशीय पत्रावर मागच्या बाजूला पाठवणाऱ्याचा पत्ता कुणीही काहीही लिहू शकतो, तसंच. पुढे हे बुजवायला तीन तपासण्या आल्या: एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क. कच्च्या मजकुरात त्यांच्यापुढे पास की फेल ते लिहिलेलं असतं. कुणी तुमच्या बँकेचा हुबेहूब पत्ता लावून दुसरीकडूनच मेल पाठवला तर तिथे बहुधा 'फेल' दिसतं, आणि असा मेल बऱ्याचदा स्पॅममध्येच जातो.

मी आमच्या मेलपुढे बघितलं. तिन्ही पास.

मला कळेना. साहेब म्हणाले, पास होणारच, कारण तो पत्ता त्यांचाच आहे. चोरांनी 'आर' आणि 'एन'वालं डोमेन, म्हणजे मेलपत्त्यातला @ नंतरचा भाग, रीतसर पैसे भरून विकत घेतलं होतं, त्याला सगळी तांत्रिक कागदपत्रं जोडली होती. 'पास'चा अर्थ एवढाच की मेल त्या डोमेनवरूनच आला. ते डोमेन आपल्या माणसाचं आहे असा त्याचा अर्थ नाही. वेबसाइटच्या पत्त्याशेजारी दिसणाऱ्या कुलपाचंही हेच. ते कुलूप सांगतं की मधला रस्ता बंद आहे. दुकान कुणाचं ते सांगत नाही. मग त्यांनी ते डोमेन कधी नोंदवलं ते पाहिलं. ही माहिती कुणालाही फुकट बघता येते. ८ सप्टेंबर २०२३. आम्हाला मेल येण्याच्या सहा दिवस आधी. अनेक वर्षं धंद्यात असलेल्या माणसाचा पत्ता सहा दिवसांचा.

तक्रार माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-क आणि ६६-ड कलमांखाली आणि फसवणुकीच्या कलमाखाली नोंदवली गेली. एफआयआरची प्रत आणि तिचं इंग्रजी भाषांतर लगेच करून घ्या, पोर्तुगालची बँक ते मागेल, असं त्यांनी निघताना सांगितलं. तो सल्ला पुढे लाखमोलाचा ठरला.

पण माझ्या डोक्यात एकच प्रश्न. अप्पांचा डोळा त्यांना कसा कळला?

मला आधी वाटलं, व्यापाऱ्याचाच मेल फोडला असणार. दादाही तेच म्हणत होते, आणि खरं सांगायचं तर मलाही तेच हवं होतं. आमचा मेल सांभाळणारा मुलगा शुक्रवारी कारखान्यात आला आणि त्याने आमच्याच मेलची लॉगिनची यादी काढली. २३ ऑगस्टपासून जवळपास रोज, रात्री दोन-तीनच्या सुमाराला, परदेशातून कुणीतरी माझ्या नावाने आत येत होतं. वाचत होतं आणि जात होतं. मग त्याने मेलचे नियम उघडले. मेलमध्ये असे नियम लावता येतात, अमुक मेल आला की तमुक फोल्डरमध्ये टाक. तिथे मी कधीही न लावलेला एक नियम होता. व्यापाऱ्याच्या खऱ्या पत्त्यावरून आलेल्या मेलमध्ये 'बँक', 'पेमेंट' किंवा 'इन्व्हॉइस' असा शब्द असला की तो वाचलेला म्हणून खूण करून 'आर्काइव्ह'मध्ये टाकायचा. ते फोल्डर मी कधी उघडत नव्हते. त्यात त्याचे तीन खरे मेल पडले होते. एकात लिहिलं होतं, पैसे मागच्या वेळच्याच खात्यात पाठवा.

तो मेल १३ तारखेचा होता. मी पैसे पाठवले १५ ला.

आणि २३ च्या आदल्या दिवशी काय झालं होतं ते मला आठवलं. जहाजाच्या भाड्याचा दर आम्ही माल पोचवण्याची व्यवस्था करणाऱ्या दोन-तीन फॉरवर्डरांकडून मागवला होता. २२ तारखेला एक मेल आला, सोबत 'शिपमेंट डॉक्युमेंट' म्हणून फाइल. नाव पीडीएफसारखं, पण शेवटी 'एचटीएम' होतं. उघडली तर कागदाऐवजी आमच्या मेलचं लॉगिन पान आलं, त्यात माझा मेल पत्ता आधीच भरलेला. कागद सुरक्षित आहे, बघायला पासवर्ड टाका. मी टाकला. चुकीचा पासवर्ड, असं आलं. पुन्हा टाकला. मग माझा इनबॉक्सच उघडला. मला वाटलं काहीतरी अडकलं असेल, आणि मी पुढच्या कामाला लागले. दोनदा विचारण्याचं कारण त्या मुलाने सांगितलं: पहिल्या वेळी माणूस चुकून काही टाइप करतो, दुसऱ्या वेळी जपून टाकतो. दोन्ही जुळले की त्यांची खात्री पटते.

फिशिंग, म्हणजे फसव्या मेलने पासवर्ड किंवा पैसे काढून घेणं, म्हटलं की लॉटरी, नायजेरियाचा राजपुत्र, मोडक्या इंग्रजीतली पत्रं, एवढंच माझ्या डोळ्यासमोर यायचं. असे मेल मी कितीतरी उडवले होते आणि स्वतःला सावध समजत होते. मला गाठणारा मेल मात्र मी वाट बघत असलेल्या कागदाचं नाव घेऊन आला. आणि दुसरा तर चालू बोलण्यातच येऊन बसला, माझेच शब्द घेऊन. तीन आठवडे ते आमच्या घरातलं बोलणं ऐकत होते आणि पैसे द्यायची तारीख यायची वाट बघत होते. पैशापेक्षा मला हे जास्त लागलं. अप्पांच्या आजारपणाचं त्यांनी आमिष केलं.

त्या दिवसांत मी ज्याला त्याला विचारत असे, इतकं कसं कळलं नाही आपल्याला. दादांच्या एका मित्राने मला गूगल आणि फेसबुकचं प्रकरण सांगितलं. एवाल्दास रिमासाउस्कास नावाच्या लिथुआनियन माणसाने तैवानच्या क्वांटा या संगणक बनवणाऱ्या कंपनीच्या नावाची कंपनी लाटव्हियात काढली आणि २०१३ ते २०१५ या काळात खोट्या मेल आणि बिलांवर या दोन्ही कंपन्यांकडून मिळून दहा कोटी डॉलरहून जास्त रक्कम उकळली. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने त्याला पाच वर्षांची शिक्षा दिली. ते ऐकून माझं दुःख कमी झालं असं नाही, पण रात्री थोडी झोप लागायला लागली.

नुकसान बँकेने भरून द्यावं का, हेही आम्ही विचारलं. रिझर्व्ह बँकेचं तेव्हा ६ जुलै २०१७ चं परिपत्रक होतं. तुमची चूक नसताना, तुमच्या परवानगीशिवाय तिसऱ्याच कुणामुळे खात्यातून पैसे गेले आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर त्यानुसार तुमच्यावर बोजा येत नसे. आमचे पैसे आमच्याच सहीने, आमच्याच विनंतीपत्रावर गेले होते. त्यामुळे ते परिपत्रक आम्हाला लागू नव्हतं, आणि बँकेने ते पहिल्याच दिवशी सरळ सांगितलं. त्या सरळपणाबद्दल मला राग नाही.

पुढचे चार महिने कागदांचे गेले. परत मागणीच्या संदेशाला पहिलं उत्तर आठवड्याने आलं: खातेदाराची संमती नाही. मी कोसळलेच होते. पण दरम्यान त्या व्यापाऱ्याने इटलीच्या पोस्टल पोलिसांकडे तक्रार केली होती. तिथे सायबर गुन्हे बघणाऱ्या पोलिसांना पोस्टल पोलीस म्हणतात. त्याच्या नावाने फसवणूक झाली म्हणून तोही फिर्यादी होता, आणि इटली-पोर्तुगाल हे आपल्यापेक्षा जवळचं. आमचा एफआयआर, त्याचं भाषांतर, दोन्ही प्रोफॉर्मा, दोन्ही मेलांचा कच्चा मजकूर, हे सगळं आमच्या बँकेमार्फत आणि त्याच्या वकिलामार्फत अशा दोन वाटांनी लिस्बनला गेलं. ऑक्टोबरच्या शेवटी कळलं की खातं गोठवलं आहे. जानेवारी २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात १७,९०० युरो परत आले. उरलेले ८,७०० युरो, आम्ही बँकेच्या बाकावर पोचायच्या आधीच चोरांनी काढून नेले होते.

मी अप्पांना म्हटलं, माझ्या पगारातून दर महिन्याला कापा. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सही कुणाची हाय त्याच्यावर?" तो विषय त्यांनी पुन्हा काढू दिला नाही.

व्यापाऱ्याने माग कुणाला विकले नव्हते. दादांनी कॅश क्रेडिटमधून रक्कम उभी केली, त्याने दोन हजार युरो सोडले, आणि मार्चमध्ये कंटेनर न्हावा शेवाला लागला. चारही माग आता चालू आहेत.

आम्ही काय बदललं ते सांगते. मेलला पासवर्डसोबत मोबाईलवरच्या ॲपचा कोड लावला, हे पहिल्याच दिवशी. दर सोमवारी मी मेलचे नियम, फॉरवर्डिंग आणि लॉगिनची यादी बघते, पाच मिनिटं लागतात. पासवर्ड आता पासवर्ड मॅनेजर या ॲपमध्ये असतात. त्याचा एक फायदा मला आधी माहीत नव्हता: पत्ता एका अक्षराने जरी वेगळा असला तरी तो पासवर्ड भरत नाही. माझा डोळा फसतो तिथे तो फसत नाही. मेलमधून उघडलेल्या कुठल्याही पानावर मी पासवर्ड टाकत नाही. पान हवं असेल तर पत्ता स्वतः टाइप करून जाते.

पण हे सगळं करूनही मला खरा आधार वाटतो तो टेलिफोनचा. खातं बदलल्याचं कुणीही, कितीही ओळखीच्या माणसाने मेलवर कळवलं तर मी त्या मेलमधल्या नंबरवर फोन करत नाही, कारण नंबरही त्यांचाच असू शकतो. पहिल्या ऑर्डरच्या कागदावर असलेल्या जुन्या नंबरवर करते आणि आवाज ऐकते. दादा शेजारी बसतात. मेलमधलं काहीही मेलनेच खरं ठरवायचं नाही, हा नियम आम्ही कारखान्याच्या भिंतीवर लावलेला नाही, पण आम्ही दोघं तो पाळतो.

सुरुवातीला दादांना जे लपवायचं होतं ते आता मीच गावभर सांगते. आमच्या गल्लीतले चार-पाच कारखान्यांचे मुनीम अधूनमधून मेल दाखवायला येतात. गेल्या वर्षी एका सायझिंगवाल्या काकांना आयकर परताव्याचा मेल आला, चोवीस तासांत खातं पडताळा नाहीतर परतावा रद्द. मी त्यांना दोन गोष्टी दाखवल्या. परतावा जातो तो आयकराच्या पोर्टलवर आधीच पडताळलेल्या खात्यात, तो घ्यायला लिंकवर कार्डाचा नंबर द्यावा लागत नाही. आणि १ ऑक्टोबर २०१९ पासून आयकर खात्याच्या नोटिशी आणि आदेशांवर डीआयएन, म्हणजे त्या कागदाचा ओळख क्रमांक, असतो, तो पोर्टलवर लॉगिन न करताही तपासता येतो. त्यांच्या मेलमध्ये तसा क्रमांक नव्हताच. आता तर रिझर्व्ह बँकेच्या सांगण्यावरून बँकांच्या वेबसाइट 'डॉट बँक डॉट इन'वर गेल्या आहेत, ३१ ऑक्टोबर २०२५ ही त्याची मुदत होती. तो शेवट दुसऱ्या कुणाला मिळत नाही. पत्ता वाचताना मी सगळ्यांना उजवीकडून वाचायला सांगते, सुरुवातीचं 'एचटीटीपीएस' आणि त्याच्या दोन रेघा सोडून, पहिल्या तिरक्या रेघेच्या आधी जे शेवटी येतं ते खरं घर. बँकेचं नाव डावीकडे कुणीही चिकटवू शकतो. काकांनी तो मेल पुसायला घेतला, तर मी थांबवलं. आधी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर कळवलं, मग पुसला.

मागच्या महिन्यात आम्ही त्याच व्यापाऱ्याकडून आणखी दोन माग घेतले. ॲडव्हान्स पाठवायच्या आधी दुपारी दोनला, म्हणजे तिकडे सकाळी, मी फोन लावला. खातं तेच होतं, तरी लावला. त्याला आता सवय झाली आहे. तो आयबॅनचे शेवटचे चार आकडे आधी इंग्रजीत आणि मग इटालियनमध्ये सांगतो, मी कागदावर एकेकावर टिक करते. तीन, सात, शून्य, आठ. त्रे, सेत्ते, झेरो, ओत्तो. मग त्याने विचारलं, अप्पांचा दुसरा डोळा कसा आहे. अप्पा समोरच्या खुर्चीत कापडाचा नमुना उजेडात धरून धागे मोजत होते. मी फोन स्पीकरवर टाकला आणि त्यांच्यापुढे सरकवला.